मजल किती, मुक्काम कुठे?



आज प्रवासाच्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात आमच्याच एका फजितीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटांतल्या सोळा जणी तुळजापूरला गेलो. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले, गाडी ठरवली, पुऱ्या-चटणी बांधून घेतली. मोबाइलवर नकाशा पाहिला, पण तो फक्त किलोमीटर मोजायला. साडेपाचशेच्या आसपास अंतर. संध्याकाळी निघायचं, रात्रभर गाडी चालवायची, सकाळी आईच्या दारात. रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वाचले म्हणून आम्ही खूश होतो. वाटेत कुठे थांबायचं, हे आमच्यातल्या एकीनेही विचारलं नाही.

रात्र पडली आणि अडचण कळली. गाडी थांबे ती डिझेलला नाहीतर चहाला. तिथे बायकांची सोय एक तर नाही, असली तर दाराला कडी नाही, दिवा नाही. मग आपण बायका जे करतो तेच सगळ्यांनी केलं. पाणी पिणं बंद केलं. जाताना बंद, येतानाही बंद. परतीच्या वाटेवर साठी ओलांडलेल्या एका मावशीला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप भरला. वाटेतल्या एका दवाखान्यात तिला सलाईन लावावं लागलं. ती बरी झाली, देवीची कृपा. पण घरी उतरताना म्हणाली, "बाय, आता मला कुठे नेऊ नको. माझं फिरणं झालं."

हे वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. यंदा गटाच्या बैठकीत महेश्वरला जायचं निघालं. नर्मदेच्या काठावरचं अहिल्याबाईंचं गाव बघायचं आणि तिथल्या बायका हातमागावर साड्या कशा विणतात, कशा विकतात, तेही बघायचं. सगळ्यांना पटलं. पण ती मावशी गप्प बसली. तिच्या बरोबरीच्या तिघी म्हणाल्या, "ती नाही तर आम्हीपण नाही." आता चार वडीलधाऱ्या बायांना घरी ठेवून कसली आलीय सहल?

मग आम्ही उलटा विचार केला. मोटारी नव्हत्या तेव्हा माणसं काशीला गेली, पंढरपूरला गेली, बायकापोरं आणि भांडीकुंडी घेऊन महिनोन्‌महिने चालली. ती कशी आखत होती वाट? आम्ही बी.ए.ला इतिहास शिकलो, पण त्यात लढाया होत्या आणि तह होते. लढाईला निघालेल्यांचा स्वयंपाक कुठे झाला, बायका कुठे झोपल्या, हे परीक्षेला कधी आलं नाही. म्हणून पुन्हा पुस्तकं उघडली, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी एक शब्द बघा. "मजल दरमजल करीत निघाले" असं आपण गोष्टीत ऐकतो. मजल म्हणजे एका दिवसात होणारी वाट. जुन्या मराठीत मुक्कामाला "पेणे" असाही शब्द होता. म्हणजे आपल्या जुन्या माणसांनी प्रवास कोसांत मोजला, तसा मुक्कामांतही मोजला. "किती लांब आहे?" या प्रश्नाचं उत्तर "चार मजला" असं यायचं. चार मजला म्हटलं की चार रात्री आल्या, चार ठिकाणचं पाणी आलं, चार वेळची चूल आली. आमच्या साडेपाचशे किलोमीटरमध्ये यातलं काहीच नव्हतं.

हे फार लांबचंही नाही. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. आता आपण रिक्षाने सकाळी जातो आणि दुपारी परत येतो. पण आमच्या आज्या सांगतात, लांबच्या पाड्यांवरची माणसं बैलगाडीने यायची. गाडीखाली मडकी टांगलेली, गाडीत गवत आणि त्यावर गोधडी. पाण्याजवळ, झाडाखाली गाडी सोडायची. बैल मोकळे झाले की चूल पेटायची. रात्री लेकरं गाडीत झोपायची आणि मोठी माणसं गाडीखाली. आज शहरात ज्याला मोटारहोम म्हणतात, म्हणजे चाकांवरचं घर, ते आपल्या आजीने ओढ्याकाठी थाटलं होतं. फक्त त्याला मोटार नव्हती.

चाकंही नसलेलं फिरतं घर बघायचं असेल, तर लमाण-बंजाऱ्यांचा तांडा बघा. रेल्वेच्या आधी देशभर धान्य आणि मीठ पोचवलं ते यांच्या बैलांनी. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ साली उत्तरेकडे एक तांडा भेटला. त्यात चौदा हजार बैल होते, सगळ्यांच्या पाठीवर धान्य. त्याने लिहून ठेवलं आहे की ही माणसं बायकामुलं आणि सगळा संसार बरोबर घेऊन चालतात आणि दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त जात नाहीत. सहा-सात मैल म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. मसोलीहून निघालो तर संध्याकाळपर्यंत चारोटीसुद्धा यायचं नाही!

एवढं हळू का? कारण बैलाला चरायला वेळ हवा. पाठीवर ओझं घेऊन तो दिवसभर चालला आणि पोटाला चारा मिळाला नाही, तर चौथ्या दिवशी बसतो. बसलेल्या बैलाचं ओझं मग कोण वाहणार? तांड्यात बाळंतीण असायची, म्हातारी असायची, नुकतं चालायला लागलेलं पोर असायचं. या सगळ्यांना मागे न टाकता पुढे जायचं, तर चाल त्यांचीच धरावी लागते. त्याच शतकात आपल्याकडे आलेल्या ताव्हेर्निए नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पुरता निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागे, असं तो लिहितो. त्याला खोळंबा झाला खरा, पण तांडा आपली चाल सोडत नसे.

पुढे रेल्वे आली आणि तांड्यांचं काम गेलं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि फिरणाऱ्या अनेक जमातींवर संशयाचा शिक्का बसला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. आज फिरतं घर म्हणजे श्रीमंतांची हौस झाली आहे, म्हणून हेही लक्षात ठेवायला हवं. ज्यांनी शेकडो वर्षं फिरतं घर चालवलं, त्यांना त्याच फिरण्यापायी चौकीवर हजेरी द्यावी लागली.

आता अहिल्याबाईंकडे येऊ. १७२५ साली चौंडी गावात जन्म. आज ते गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून कारभार केला. देवळं बांधली म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. पण त्यांच्या कामांची यादी नीट बघा. देवळाबरोबर घाट, घाटाबरोबर धर्मशाळा, धर्मशाळेबरोबर विहीर, कुठे अन्नछत्र. काशी, गया, द्वारका, सोमनाथ, रामेश्वर, जगन्नाथपुरी, बद्रीनाथ, असं चारी दिशांना. एवढ्या ठिकाणी त्यांचं स्वतःचं राज्य नव्हतं. तरीही तिथे जाणारा माणूस रात्री कुठे टेकेल आणि काय पिईल, याची काळजी त्यांनी केली.

जॉन माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली माळव्याची हकीकत छापली. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण त्यांच्या आठवणी लोकांच्या तोंडी होत्या. त्याने लिहिलं आहे की उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला रस्त्यांवर माणसं नेमलेली असत. महेश्वरजवळच्या शेतात नांगर चालू असताना बाईंचा माणूस येऊन औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजी, तेव्हा शेतकरी चकित होई. बाईमाणसाच्या राज्यात तहान ही कारभाराची बाब झाली होती, एवढं यातून कळतं. सख्यांनो, आमच्या गाडीत सोळा बायका होत्या आणि आम्ही सोळा जणींनी तहान दाबून ठेवली!

सगळी तयारी करूनही वाट बिघडते, याचीही एक गोष्ट आहे. रायगड जिल्ह्यात पेणजवळ वरसई गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे हे भिक्षुक १८५७ सालच्या मार्च महिन्यात आपल्या काकांबरोबर उत्तरेला निघाले. घरात कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, असं कानावर आलं होतं. ते महूजवळ पोचले आणि मुक्कामावर शिपायांकडून बातमी कळली की आता बंड होणार. मागे फिरायचं की पुढे जायचं? ते पुढे गेले. काही महिन्यांचा प्रवास फार लांबला. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. मिळवलेलं लुटलं गेलं. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरी आणली. ही सगळी हकीकत त्यांनी लिहून ठेवली आणि १९०७ साली ती "माझा प्रवास" या नावाने छापली गेली.

यातून आम्ही एक गोष्ट घेतली. बातमी मिळते ती मुक्कामावर. पुढे पूल वाहून गेला आहे, साथ आहे, दंगा आहे, हे रात्री टेकलेल्या माणसाला कळतं. म्हणून पुढची मजल रोज सकाळी नव्याने ठरवायची. घरी बसून आखलेली वाट म्हणजे देवाची आज्ञा नव्हे. मागे फिरायची तयारी ठेवूनच निघायचं.

आता सगळ्यात मोठी शाळा, म्हणजे पंढरीची वारी. वारी तर फार जुनी. १६८५ साली तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या माउलींच्या पालखीला आजची शिस्त दिली. १८३२ साल सांगतात. हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे आणि शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौज कशी हलवायची हे त्यांना ठाऊक होतं. तीच शिस्त त्यांनी टाळ-मृदंगाला लावली. अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे आजही पालखीबरोबर चालतात.

वारीची आखणी आपण भक्तीने बघतो. एकदा हिशेबाच्या वहीसारखी बघा.

पहिली गोष्ट, प्रस्थानाच्या दिवशी पालखी लांब जातच नाही. आळंदीतच आजोळघरी पहिला मुक्काम होतो. देहूची पालखीही पहिल्या रात्री देहूतच इनामदारवाड्यात असते. जुन्या घरांत मुहूर्तावर "प्रस्थान ठेवायचे", म्हणजे सामानातली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, ते तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. त्यात मुहूर्त होताच, पण सोयही होती. घर सोडल्यावर पहिल्या रात्री कळतं की काय विसरलं. मीठ विसरलं, गोळ्या विसरल्या, तर पोराला परत धाडता येतं.

दुसरी गोष्ट, जड दिवसानंतर विश्रांती. आळंदी ते पुणे साधारण एकोणतीस किलोमीटर, मग पुण्यात दोन रात्री. पुणे ते सासवड बत्तीसच्या आसपास, त्यात दिवेघाटाची चढण. मग सासवडला दोन रात्री. त्यानंतर जेजुरी सोळा, वाल्हे बारा. पुढे लोणंद ते तरडगाव तर फक्त आठ. तिथून फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. सगळं मिळून अडीचशे किलोमीटर. गाडीने पाच-सहा तासांची वाट, पण ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघालेली पालखी आषाढ शुद्ध दशमीला पोचते. म्हणून सत्तरीची आजीसुद्धा डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूर गाठते.

तिसरी गोष्ट, विसावा आणि मुक्काम हे दोन वेगळे शब्द आहेत. मुक्काम रात्रीचा. विसावा दिवसाचा, आणि तोही ठरलेल्या जागी. दुपारचं जेवण ठरलेल्या गावात. कोणी दमलं म्हणून थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. चालणाऱ्याला ठाऊक असतं की पुढचा विसावा अमक्या वडाखाली आहे. त्या भरवशावर पाय चालतात.

चौथी गोष्ट, संसार आधी पोचतो. प्रत्येक दिंडीचा आपला ट्रक असतो. पूर्वी बैलगाडी असायची. त्यात तंबू, शिधा, भांडी, वळकट्या. वारकरी चालत असतात तेव्हा ट्रक पुढच्या तळावर जाऊन उभा राहतो, राहुट्या लागतात, चुली पेटतात. पाण्याचा टँकर बरोबर. खर्चाला "भिशी". हो, दिंडीत जेवणखाणासाठी जी वर्गणी देतात तिलाही भिशीच म्हणतात. आपल्या गटाचा आणि दिंडीचा हिशेब एकाच शब्दावर चालतो.

पाचवी गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदार काठी वर करतो आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, तोड काढतो. हरवलं-सापडलं तेही तिथेच पुकारतात. म्हणजे गाऱ्हाणं सांगायची वेळ रोज ठरलेली, आणि गाऱ्हाणं सांगणाऱ्याला कोणी मोडता घालत नाही. आमची मावशी रात्रभर गाडीत गप्प बसून होती. तिचा टाळ ऐकायला आमच्यात चोपदार नव्हता.

वारीत बायकांचे हाल नव्हते असं आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षं बायकांनी अंधारात उठून आडोसा शोधला. अलीकडे तळांवर तात्पुरती शौचालयं येऊ लागली. राज्य महिला आयोगाने "आरोग्यवारी" सुरू केली, त्यात बायकांसाठी पॅड, तपासणी, लेकुरवाळ्यांसाठी आडोशाची जागा. वारी शेकडो वर्षांची आणि ही सोय कालपरवाची. तरी एक बरं, मुक्काम ठरलेले होते म्हणून सोय कुठे करायची हे कळलं. जिथे मुक्कामच ठरलेला नाही, तिथे कोण काय सोय करणार?

मग हे सगळं विसरलं कसं? याचं उत्तर आपल्या दारातच आहे. १८६४ साली मुंबईपर्यंत रेल्वेचा मार्ग जोडला गेला आणि आपल्या किनाऱ्याने आगगाडी धावू लागली. पुढे मोटारी आल्या, मुंबई-अहमदाबाद महामार्ग आला. हे वाईट झालं असं नाही. बाळंतिणीला दवाखान्यात वेळेवर नेता येतं ते यामुळेच. पण मजल हा शब्द गेला आणि तास आला. "किती वेळात पोचवतोस?" एवढाच प्रश्न उरला. गाडी चालवणारा बहुतेक पुरुष, गाडी ठरवणाराही पुरुष. त्यांना रस्त्याच्या कडेला कुठेही थांबता येतं. त्यामुळे थांबायच्या जागा आखाव्या लागतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आणि आपण लाजेने बोलत नाही.

तिकडे विलायतेत गंमत वेगळीच झाली. आगगाड्या जोरात धावायला लागल्या तेव्हा काही माणसांना हळू जाण्याची हौस वाटू लागली. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरने झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली घोडागाडी बनवून घेतली, तिचं नाव ठेवलं "वाँडरर", म्हणजे भटकी. १८८५ साली तो तिच्यातून दक्षिण इंग्लंडहून थेट स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसपर्यंत गेला. गाडी जड, म्हणून मजल किती ते घोडे ठरवायचे. हौसेच्या फिरत्या घराची सुरुवात तिथून झाली असं मानतात. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या आणि त्या उभ्या करायला पाणी, वीज, शौचालय असलेल्या जागा, असा त्याचा विचार आहे. ती गाडी आपल्या गटाच्या खिशाला परवडणारी नाही. पण तिची अक्कल फुकट घेता येते.

तर आता आमचा महेश्वरचा बेत ऐका.

यावेळी आम्ही रस्त्याला शेवटी हात लावला. आधी मुक्काम ठरवले. कागदावर चार गोल काढले आणि प्रत्येक गोलात तीन प्रश्न लिहिले. पाणी आहे का? कडी लागणारं शौचालय आहे का? रात्री उजेड आहे का? तिन्ही उत्तरं फोन करून विचारायची, आणि जमेल तिथे बाईमाणसालाच विचारायची. तिन्ही "हो" आली तरच तो मुक्काम.

पहिली मजल जव्हार. मसोलीहून चारोटी, कासा करत सत्तर किलोमीटरच्या आसपास. मुद्दाम लहान ठेवली. तेच आमचं आजोळघर. दुसरी मजल मोखाडा, त्र्यंबकेश्वर, नाशिक करत चांदवड. घाटाचा रस्ता आहे, म्हणून दुपारचा विसावा त्र्यंबकला. चांदवडला मुक्काम, कारण तिथे होळकरांचा रंगमहाल आहे आणि रेणुकामातेचं देऊळ आहे. अहिल्याबाईंच्या वाटेवर आपण आहोत हे तिथे समजेल. तिसरी मजल मालेगाव, धुळे करत शिरपूर. चौथी मजल सेंधव्याचा घाट चढून महेश्वर. पुढे एक पूर्ण दिवस विश्रांती, घाटावर आणि हातमागांवर. तिथे रेहवा नावाची संस्था १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून विणकर बायकांबरोबर काम करते आहे, ते बघायचं. परत येताना ओळखीची वाट म्हणून तीन मजला. दिवसाला दीडशेच्या आसपासच जायचं, परतीला फार तर थोडं जास्त, आणि अंधार पडायच्या आत चाक थांबलं पाहिजे.

गाड्या दोन. माणसं बसायच्या गाडीत, सामान लहान टेम्पोत. शेगडी, पाण्याचे कॅन, वळकट्या, चार बांबू आणि जाड कापडाचा आडोसा, शिवाय गुडघे धरलेल्यांसाठी कमोडची खुर्ची. टेम्पो दिंडीच्या ट्रकासारखा पुढे जाणार. टेम्पोत माणूस बसवायचा नाही, हा नियम. दर दीड तासाने विसावा, कोणी मागो न मागो. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली, आणि विसाव्याला ती रिकामी झाली का ते बघायचं. संध्याकाळी जेवणाआधी आमची समाजआरती. ज्या बाईचं गाऱ्हाणं आहे तिने ताट वाजवायचं.

बैठकीत भांडण झालं, ते लपवत नाही. "आठ दिवस? दोन दिवसांची वाट आणि आठ दिवस? घरचं कोण बघेल? कोंबड्या कोण सोडेल?" एका सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस तिला घरून सोडणारच नाहीत. मग ठरलं की भातकापणी आणि झोडणी झाल्यावर निघायचं, आणि ज्या येणार नाहीत त्यांच्या पाळीत आपण कामाला जायचं. ज्या येतात त्यांच्या घरची कामं बाकीच्यांनी वाटून घ्यायची आणि वहीत लिहायची. पुढच्या वर्षी परतफेड. तरीही दोघी जणी येऊ शकणार नाहीत. त्यांच्यासाठी या वाटेवर अजून तोड सापडलेली नाही.

आणि आमची मावशी? आम्ही तिच्या ओट्यावर कागद घेऊन गेलो. चार गोल दाखवले. तांड्याचे बैल सांगितले, वारीतला आठ किलोमीटरचा दिवस सांगितला. तिने सगळं ऐकलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "गाडी कुठे थांबवायची ते कोण सांगणार?"

आम्ही म्हटलं, "तू सांग."

ती म्हणाली, "मग पुढच्या सीटवर मी बसणार. डायवरला आधीच सांगून ठेवा."

तर सख्यांनो, तुमच्या गटाची सहल असेल, देवदर्शन असेल, जिल्ह्याच्या मेळाव्याला जायचं असेल, गाडीवाल्याला फोन करायच्या आधी कागदावर गोल काढा. आणि घरातल्या आजीला विचारा, तुझी गाडी कुठे सुटायची, पाणी कुठलं प्यायचीस, रात्री कोण जागं राहायचं. तिचं उत्तर लिहून ठेवा. हाही इतिहासच आहे, आणि तो फक्त तिलाच ठाऊक आहे.

पाण्याची बाटली भरून घ्या. पुन्हा भेटू. नमस्कार.